तेल कमी केलं की अख्खा मसूर पाणचट, वांगी चामट! चव राखून हलकं कसं करायचं?

दुपारचा_डबा (सांगली)

घरात चार माणसं. दोघांना आहारतज्ज्ञांनी वजन उतरवायला सांगितलं आहे. दिवसाला १५०० च्या आसपास कॅलरी, माणशी ४ चहाचे चमचे तेल आणि बाकी सगळं घरचंच जेवण. सध्या महिन्याला तेलाचा ५ लिटरचा डबा संपतो.

नुसतं तेल कमी करून जमत नाहीये. अख्ख्या मसुरात कांदा कच्चा लागतो, चटणी (घरचा कांदा-लसूण मसाला) तळाला करपते आणि ताटात वाढलं की पाणी एकीकडे, मसूर एकीकडे. भरली वांगी बाहेरून काळी आणि आतून चामट. भडंगाला तिखट-मीठ चिकटतच नाही, सगळं डब्याच्या तळाशी. भाकरी कितीही चालते असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का?

उकडलेलं, बेचव जेवण चालणार नाही, आठ दिवसांत सगळे पुन्हा जुन्या वळणावर येतील. प्रमाणासकट सांगाल तर फार उपकार होतील.

---

बिडाची_कढई (सातारा)

आधी हिशेब बघा. ५ लिटर म्हणजे चार माणसांत दिवसाला माणशी साधारण ४२ मिली, म्हणजे आठ चमचे. एका चमच्याच्या (५ मिली) ४० कॅलरी धरल्या तर सव्वातीनशेच्या पुढे नुसत्या तेलाच्या. चार चमच्यांवर आलात की हे निम्मं होतं. त्यासाठी रोज सकाळी दिवसभराचं ८० मिली तेल एका वाटीत काढून ठेवा आणि बुधली कपाटात ठेवून द्या. जे करायचं ते त्या वाटीतूनच. अंदाजाने ओतलेलं तेल कधीच एक चमचा नसतं. आणि लाकडी घाण्याचं शेंगतेल असलं तरी कॅलरी तेवढ्याच, त्यात सूट नाही.

आता जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते. आपल्या सातारा-सांगलीकडच्या कालवणात निम्मं तेल फोडणीत नसतंच, ते कुटात आणि खोबऱ्यात असतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल. १०० ग्रॅम कुटात ४९ ग्रॅमच्या आसपास. सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त, ६०-६५ ग्रॅम. फोडणी दोन चमच्यांवर आणायची आणि रस्सा दाट व्हावा म्हणून वरून वाटीभर कूट घालायचा, याने ताटातलं तेल वाढतंच. म्हणून कूट, खोबरं, तीळ हे तिन्ही काट्यावर मोजायचे. बंद करायचे नाहीत, मोजायचे.

अख्खा मसूर, चार जणांना. मसूर २०० ग्रॅम, कांदे २ मोठे (२०० ग्रॅम), टोमॅटो २, आलं-लसूण वाटण १ मोठा चमचा, चटणी दीड ते दोन मोठे चमचे, हळद, मीठ, तेल ४ चहाचे चमचे, कोथिंबीर.

मसूर दोन तास भिजवा. भिजवायच्या पाण्यात चिमूटभर मीठ घाला, सालं मऊ पडतात. कुकरला मध्यम आचेवर दोन शिट्ट्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. जास्त शिट्ट्या झाल्या की मसूर फुटतो आणि त्याची आमटी होते. बोअरचं जड पाणी असेल तर याच मापात मसूर कच्चा राहतो, कारण त्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे साल मऊ व्हायला वेळ लागतो. पिण्याचं गोडं पाणी वापरा. टोमॅटो कुकरमध्ये घालू नका, आंबटपणानेही कडधान्य शिजायला वेळ लागतो.

आता कांदा, सगळी चव इथे आहे. जाड बुडाची कढई घ्या, लोखंडी किंवा बिडाची. बारीक चिरलेला कांदा आणि पाव चमचा मीठ तेलाशिवाय कढईत घाला, झाकण ठेवून मंद आचेवर ६-७ मिनिटं. कांद्याला पाणी सुटतं आणि तो स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो. मग झाकण काढा, आच वाढवा, पाणी आटवा. आता तीन चमचे तेल. तळाला चिकटायला लागला की दोन चमचे पाणी शिंपडून उलथण्याने खरवडा, पुन्हा परता. असं तीन-चार वेळा केलं की कांदा गडद तांबूस होतो. तुमचा कांदा कच्चा का लागतो, तर थोड्या तेलात तो बाहेरून लवकर रंग घेतो आणि आत पाणी तसंच राहतं. जोवर पाणी आहे तोवर कांदा उकडतो, भाजला जात नाही.

चटणी करपते त्याचं कारण वेगळं. तेल भरपूर असलं की चटणी तेलात पसरते. तेल कमी असलं की ती थेट तापल्या तव्यावर पडल्यासारखी असते आणि तिच्यातला भाजका कांदा-लसूण काही सेकंदांत काळा पडतो. म्हणून चटणी अर्ध्या वाटी पाण्यात कालवून घाला. आधी आलं-लसूण, मग टोमॅटो मऊ होईपर्यंत, मग ही कालवलेली चटणी, आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता. थोडंच सुटेल, तेवढं पुरे.

पाणी वेगळं होऊ नये म्हणून शिजलेल्या मसुरातला पाव भाग पळीने कढईच्या कडेला दाबून ठेचा आणि मग सगळा एकत्र करून दहा मिनिटं मंद उकळा. त्यातल्या पिठाने रस्सा धरतो, कुटाची गरजच पडत नाही.

उरलेला चौथा चमचा तेल शेवटासाठी. छोट्या पळीत तापवा, गॅस बंद करा, अर्धा चमचा ब्याडगीची पूड त्यात टाका, मनात दहा आकडे मोजा आणि वाढायच्या आधी वरून ओता. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. त्यामुळे एका चमच्यातही ढाब्यासारखा तवंग दिसतो आणि नाकाला पहिला वास त्याचाच येतो.

असा मसूर माणशी साधारण २५० कॅलरी आणि डझनभर ग्रॅम प्रथिनं देतो. हेच अर्धी वाटी तेल घालून केलं तर माणशी साडेतीनशेच्या पुढे.

---

कृष्णाकाठ_रसोई (कऱ्हाड)

वर दादांनी मसुराचं सविस्तर सांगितलं आहे, मी वांग्याचं सांगते.

वांगं आतून स्पंजासारखं असतं, पेशींच्या मधल्या जागेत हवा भरलेली. कच्चं वांगं तेलात टाकलं की तो स्पंज आधी तेल पितो. तेल कमी दिलं की आत उष्णता पोचतच नाही, सालीला चटका बसतो आणि गर कोरडा, चामट होतो. म्हणून तेलाच्या आधी वाफ द्यायची.

आठ लहान वांगी (साधारण ५०० ग्रॅम), देठ ठेवून चार चिरा. १ लिटर पाण्यात २ चमचे मीठ घालून १५ मिनिटं बुडवून ठेवा, वर ताटली ठेवा म्हणजे तरंगणार नाहीत. मग निथळून चाळणीत ८ मिनिटं वाफवा. सुरी बोथट असली तरी आत जावी, पण वांगं हातात धरल्यावर लोळागोळा होऊ नये. जास्त वाफवलं तर भरताना फाटतं.

मसाला: दाण्याचा कूट ३० ग्रॅम, सुकं खोबरं १० ग्रॅम, तीळ १० ग्रॅम, डाळ्याचं पीठ (चिवड्यातलं पंढरपुरी डाळं मिक्सरला फिरवून) २५ ग्रॅम, एक मोठा कांदा उभा चिरून कोरडाच तांबूस भाजलेला, ६-७ लसूण पाकळ्या, चटणी दीड चमचा, गूळ सुपारीएवढा, चिंचेचा कोळ, मीठ, कोथिंबीर. खोबरं आणि तीळ कोरडेच, मंद आचेवर, वेगवेगळे भाजा. एकत्र भाजले तर खोबरं लाल होईतो तीळ कडू होतात. मिठाच्या पाण्यातून वांगी आल्यामुळे मसाल्यात मीठ नेहमीच्या निम्मं.

पसरट कढईत ३ चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद. भरलेली वांगी एकेक करून ठेवा, हलक्या हाताने दोन बाजूंनी परता, मग उरलेला मसाला आणि दीड वाटी गरम पाणी. झाकण ठेवून १० मिनिटं. डाळ्याचं पीठ पाणी ओढतं, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त लागतं आणि मधूनमधून कढई हलवावी लागते. तळाला लागलेला वास येऊ लागला तर ढवळू नका, वरचं दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

याच्या माणशी साधारण १७० कॅलरी होतात. अर्धी वाटी कूट, भरपूर खोबरं आणि चार मोठे चमचे तेल या पद्धतीने तीनशेच्या वर जातात.

आणि वांगं खावंसं वाटलं तर भरीत सोडू नका. कृष्णाकाठचं भरताचं वांगं निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजून, कच्चा कांदा, भाजलेली हिरवी मिरची-लसूण ठेचून, मीठ, कोथिंबीर, वर दोन चमचे दही. त्याला फोडणी नसली तरी काही बिघडत नाही. भाजताना साल पूर्ण काळी पडून सुटली पाहिजे. अर्धवट भाजलेल्या वांग्याचं भरीत तुरट लागतं आणि मग ते झाकायला तेल ओतावं लागतं.

---

दुपारचा_डबा (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका. कूट पूर्णच काढून त्याऐवजी सगळं डाळ्याचं पीठ वापरलं तर आणखी हलकं होईल ना? आणि फोडणी पूर्ण बिनतेलाची करतात काही जण, तव्यावर कोरडी मोहरी तडतडवून, ते कसं?

---

बिडाची_कढई (सातारा)

दोन्ही नका करू. नुसत्या डाळ्याच्या पिठाने मसाला पिठूळ होतो, घशाला चिकटतो. ३० ग्रॅम कूट चार जणांत म्हणजे माणशी साडेसात ग्रॅम, जेमतेम ४०-४२ कॅलरी. तेवढ्यासाठी चव घालवू नये. कोरड्या फोडणीत मोहरी फुटते, जिरं भाजतं, पण हिंग-हळद-मिरचीचा वास उतरायला तेल लागतंच. दोन चमचे ठेवा. तेलाचं कालवण पूर्ण बंद केलं की तास-दीड तासात पुन्हा भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो, हे नुकसान मोठं.

---

शाळूची_भाकरी (दहिवडी)

भाकरीबद्दल. "कितीही चालते" हे चूक आहे आणि यातच बरेच जण फसतात. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ, वजनाला वजन, कॅलरी जवळपास सारख्याच, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आतबाहेर. आपल्याकडच्या एका चांगल्या थोराड भाकरीला ८० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. घडीच्या पोळीला ३० ग्रॅम, आतबाहेर अर्धा चमचा तेल धरून १२०. दोन भाकऱ्या म्हणजे साडेचार पोळ्या. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते हा तिचा खरा फायदा, पण पीठ मोजलं तरच.

५० ग्रॅमची भाकरी करा. अडचण अशी की पातळ भाकरी थापताना कडा फाटतात. गव्हात चिकटपणा असतो, ज्वारीत तो नसतो. जी काही विरी (पीठ धरून ठेवायचा गुण) असते ती ताज्या पिठात, आणि दळण जुनं झालं की ती जाते. म्हणून पाच-सहा दिवसांपुरतंच दळून आणा आणि पीठ उकडीचं घ्या: पाणी खळखळून उकळवा, चिमूट मीठ, गॅस बंद करून पीठ टाका, उलथण्याच्या टोकाने कालवा, १० मिनिटं झाकून ठेवा. मग हाताला सोसेल तसं तळव्याच्या टाचेने रगडून मळा. कडकडीत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच भाकरी धरून ठेवतो. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळायचा, बाकीची उकड झाकलेली.

तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि पाणी जरा ओलसर असतानाच उलटा. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. पातळ भाकरीला आच थोडी मोठी लागते. मंद आचेवर तिचा पापड होतो.

हलकं करायचं म्हणून डोकं खपवण्यापेक्षा आपल्याकडे मुळातच हलकी असलेली कालवणं आहेत, ती आठवड्यात दोनदा आणा. उडदाचं घुटं घ्या: १५० ग्रॅम उडीदडाळ कोरडी भाजून मऊ शिजवायची, हिरवी मिरची-लसूण-आलं-कोथिंबीर ठेचून घालायची, रवीने घोटायची, दोन चमचे तेलात जिऱ्याची फोडणी. चार जणांना पुरतं. घुटं थंड झालं की घट्ट होतं आणि बुळबुळीत लागतं, त्यामुळे गरम पाणी घालून पातळच ठेवा आणि लगेच वाढा. हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज), ताकातली भाजी यांनाही तेल नावालाच लागतं. कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्यासारखं कडधान्य) मिळाला तर वर सांगितलेल्या मसुराच्याच पद्धतीने करा, फक्त रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरला पूर्ण मऊ शिजवा. घेवडा अर्धा कच्चा राहिला तर पोटाला बाधतो.

---

भडंगवाली_गल्ली (सांगली)

भडंगाचं राहिलंच. सांगलीत राहून भडंग बंद करायला कुणी सांगू नये.

चुरमुरे १०० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, लसूण १२-१५ पाकळ्या, कढीपत्ता, तेल ४ चहाचे चमचे, तिखट २ चमचे, धने-जिरे पूड १ चमचा, पिठीसाखर १ चमचा, हळद, मीठ बेताचं, कारण चुरमुऱ्यात मीठ असतंच.

चुरमुरे आधी चाळून घ्या. तळाची भुकटी तेल आणि मसाला दोन्ही खाते. मग मोठ्या कढईत मंद आचेवर ६-७ मिनिटं कोरडे भाजा, बोटात दाबल्यावर चुरा व्हायला हवा. शेंगदाणे वेगळे कोरडे भाजा. तेलात चकत्या केलेला लसूण घाला आणि फिका सोनेरी झाला की लगेच गॅस बंद, उरलेला रंग तो गरम तेलातच घेतो. लसणात ओल राहिली तर दुसऱ्या दिवशी पूर्ण डबा मऊ पडतो.

मसाला न चिकटण्याचा उपाय: तिखट, मीठ, साखर, धने-जिरे हे सगळं मिक्सरला एकत्र फिरवून अगदी वस्त्रगाळ करा. जाड मीठ-मसाला चिकटायला जास्त तेल मागतो. गॅस बंद केलेल्या कोमट तेलात हा मसाला कालवा, आधी फक्त दोन मुठी चुरमुरे घालून कढई पुसून घेतल्यासारखे फिरवा, ते लाल झाले की उरलेले चुरमुरे घालून दोन्ही हातांनी वर-खाली करा. शेवटी शेंगदाणे घालून अतिमंद आचेवर तीन मिनिटं.

आता मोजणी. एवढं भडंग साधारण सव्वासातशे कॅलरीचं, आणि अर्धी वाटी तेल व ५० ग्रॅम दाणे घालून केलेलं तेराशेच्या जवळ. डबा दोन्हीचा तेवढाच भरतो. पण काट्यावर २५-२५ ग्रॅम काढून तुलना केली तर फरक थोडाच दिसेल, कारण तेलकट भडंग जड असतं आणि २५ ग्रॅमला वाटीत कमी येतं. म्हणून भडंग वाटीने मोजा. वर कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू घालून एक मोठी वाटी, चहाच्या वेळेला पुरते.

मिसळीचं थोडक्यात: कट वरच्या मसुरासारखाच, दाटपणासाठी मूठभर शिजलेली मटकी वाटून. फरसाण ५० ग्रॅमऐवजी १५ ग्रॅम आणि बाकी तेवढ्याच जागेचे (वजनाचे नव्हे) भाजके चुरमुरे, एवढ्याने माणशी सव्वाशेच्या आसपास कॅलरी वाचतात. चुरमुरे ताटात, अगदी शेवटच्या क्षणी. पाव एक, मटकी हवी तितकी.

---

कृष्णाकाठ_रसोई (कऱ्हाड)

दोन गोष्टी आणखी. रविवारी मटण असेल तर आदल्या दिवशी नुसतं हळद-मीठ-आल्यालसणात शिजवून, गार झालं की रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी चरबी गोठलेली मिळते, ती चमच्याने काढून टाका. मोठ्या चमच्याला सव्वाशेच्या आसपास कॅलरी जातात आणि अळणीच्या (बिनमसाल्याच्या रश्श्याच्या) चवीत काही फरक पडत नाही. मसाल्याची फोडणी नंतर.

गोडाचं स्पष्टच सांगते. गूळ आणि साखर, कॅलरीत जवळपास सारखेच, गूळ घातला म्हणून लाडू हलका होत नाही. पुरणात डाळीइतका गूळ घालतात, तो पाऊणपट करता येतो, चिमूट मीठ आणि जायफळ-वेलदोडा जरा वाढवला की कमी गोड वाटत नाही. त्याखाली गेलात तर पुरण कोरडं पडतं आणि पोळी लाटताना फुटते. साताऱ्याचा कंदी पेढा मात्र हलका करायच्या नादी लागू नका. दूध पावडर आणि गोडव्याच्या गोळ्या घालून जे होतं तो पेढा नव्हे. एक पेढा, जेवणानंतर, सावकाश.

घरात कुणाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी एकदम निम्मी करू नका, साखर खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारून औषधाचं प्रमाण ठरवून घ्या.

---

दुपारचा_डबा (सांगली)

इन्सुलिन कुणाला नाही, एकाला गोळी आहे, विचारून घेतो. शेवटचं एक. बिडाची कढई नाही, ॲल्युमिनियमची पातळ आहे. तिच्यात कांदा असा बिनतेलाचा होईल का?

---

बिडाची_कढई (सातारा)

पातळ ॲल्युमिनियममध्ये मधोमध करपेल. तोवर कढईखाली जुना लोखंडी तवा ठेवा, आच सगळीकडे सारखी लागते, वेळ पाच मिनिटं जास्त. टोमॅटो-चिंच मात्र ॲल्युमिनियममध्ये फार वेळ उकळत ठेवू नका. बिडाची नवी कढई आणलीत तर पहिले आठ दिवस आंबट काही करू नका, फक्त कांदा-भाजी. रोज धुऊन गॅसवर सुकवा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवा. हे बोटभर तेल वाटीतल्या ८० मिलीत धरायचं नाही.